कर सरकारचा, तोटा कोणाचा?

पिरंगुट - घोटावडे फाट्यावर सायंकाळची पाळी सुटली की चहाच्या टपऱ्यांभोवती कामगारांची गर्दी होते. पिरंगुट, उरवडे, कासार आंबोली या पट्ट्यातील लहान-मोठ्या कारखान्यांत काम करणारा हा वर्ग प्रामुख्याने तरुण आणि बराचसा कंत्राटी. 'आयपीएल'च्या हंगामात या टपऱ्यांवर गप्पा रंगत त्या संघ लावण्याच्या. एकोणपन्नास रुपये भरायचे, अकरा खेळाडू निवडायचे आणि रात्री उशिरापर्यंत मोबाईलकडे डोळे लावून बसायचे. ज्या सामन्यातील एकही खेळाडू ओळखीचा नाही, त्यावरही संघ लागत असे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला आणि त्याच आठवड्यात मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले. दुकान बंद झाले. त्या दुकानात ज्यांचे पैसे गेले, त्यांच्याविषयी कायद्यात फारसे काही नाही.

'ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायदा, २०२५' हे विधेयक लोकसभेत २० ऑगस्टला व राज्यसभेत २१ ऑगस्टला मंजूर झाले. २२ ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. एवढ्या मोठ्या उद्योगाचा निकाल इतक्या कमी वेळात लागल्याची उदाहरणे विरळाच. पैसे लावून खेळावयाचा ऑनलाइन खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, त्याची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्यास शिक्षा नाही. तो गुन्हेगार नसून बळी आहे, ही सरकारची भूमिका योग्यच म्हणावी लागेल.

परंतु बळी म्हटल्यावर त्याला आधार देण्याची जबाबदारीही ओघाने येते. कायद्याचे समर्थन करताना सरकारने सांगितलेला आकडा असा : सुमारे ४५ कोटी लोक या खेळांच्या नादी लागून दरवर्षी सुमारे २० हजार कोटी रुपये गमावतात. या आकड्याचा भागाकार केला तर माणशी वर्षाला साडेचारशे रुपयेही भरत नाहीत. पिरंगुटच्या कंत्राटी कामगाराची ही जेमतेम एका दिवसाची मजुरी. एवढ्याने कोणाचे घर मोडत नाही. घर मोडते ते या सरासरीत न दिसणाऱ्यांचे. बहुसंख्य लोक चहापाण्याइतके गमावतात आणि थोडे लोक पगार, दागिना, गावाकडची जमीन असे सर्वस्व गमावतात. जुगाराचे अर्थकारण सगळीकडे याच थोड्या लोकांवर उभे असते. कायदा या थोड्यांना हेरून केला पाहिजे, सरासरीवर नव्हे.

कौशल्य की नशीब?

आजवरचा आपला कायदा मात्र दुसऱ्याच प्रश्नात गुंतून राहिला. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळास सूट दिली आणि तेव्हापासून 'हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा' हाच वाद न्यायालयांत चालत आला. तत्कालीन मुंबई राज्याच्या एका प्रकरणात, शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांवरून, सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये जुगार हा व्यापारच नव्हे, त्यामुळे त्यास व्यवसाय-स्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असा निर्वाळा दिला. १९९६ मध्ये त्याच न्यायालयाने घोड्यांची शर्यत कौशल्याची ठरविली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 'ड्रीम ११'चा खेळही कौशल्याचा मानला. या निकालांच्या आधारावर हा उद्योग फोफावला आणि क्रिकेटपटू त्याच्या जाहिराती करू लागले. पुढे भारतीय संघाच्या गणवेशावरही त्याचे नाव झळकले.

या भेदाचा गोंधळ किती, हे ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये दिसले. विश्वचषकाच्या सामन्यावर संघ लावून तेथील एका पोलीस उपनिरीक्षकाने दीड कोटी रुपये जिंकले. कायद्याच्या दृष्टीने हा खेळ तेव्हा वैध होता. तरीही खात्याने त्याला निलंबित केले. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे मोबाईलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असा खुलासा त्यांनी केला. पुढे त्यांचे कृषी खाते काढून त्यांना क्रीडा खाते देण्यात आले. त्यातला विनोद विरोधकांनी वाया जाऊ दिला नाही.

नव्या कायद्याने कौशल्य-नशिबाचा भेद एका फटक्यात पुसला. पैसे लावले की तो खेळ बंद. ज्याचा पगार पहिल्या आठवड्यातच संपला, त्याच्या लेखी हा भेद कधीच नव्हता, हे खरे.

सरकारचा स्वतःचा गल्ला

सरकारने नशिबाचा बाजार मात्र कधी पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती सोडला नाही. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ मध्ये सुरू झाली. त्या काळात मुंबईत मटका जोरात होता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावर लागणारा आकडा बंद पडल्यावर कल्याणजी भगत आणि पुढे रतन खत्री यांनी चिठ्ठ्या व पत्त्यांवर तो धंदा उभा केला होता. रस्त्यावरचा आकडा गुन्हा आणि सरकारी तिकीट मात्र विकासाला हातभार, ही विभागणी तेव्हापासून सर्वमान्य झाली. त्यापुढचे पाऊल म्हणजे १९७६ चा राज्याचा कॅसिनो कायदा. तो संमत झाला, पण कधीच अमलात आला नाही. सत्तेचाळीस वर्षे तो कपाटात पडून राहिला आणि २०२३ मध्ये रद्द झाला. कोणत्याही सरकारला तो लागू करण्याचे धाडस झाले नाही आणि इतकी वर्षे रद्द करण्याचीही घाई वाटली नाही, यावरून त्याचा मोह लक्षात यावा.

ऑनलाइन खेळांच्या बाबतीत हा मोह आकड्यांत दिसतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूने भरलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. त्यानंतरच्या सहा महिन्यांत या क्षेत्रातून ६,९०९ कोटी रुपये मिळाले, आधीच्या सहा महिन्यांपेक्षा ४१२ टक्क्यांनी अधिक, असे केंद्रीय अर्थमंत्र्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर सांगितले. अठ्ठावीस टक्क्यांनी उलटा हिशेब मांडला, तर या सहा महिन्यांत लोकांनी ढोबळमानाने पावणेपंचवीस हजार कोटी रुपये या खेळांत भरले असे निघते. जिंकणाऱ्याच्या निव्वळ कमाईवर एप्रिल २०२३ पासून ३० टक्के प्राप्तिकर वेगळा. एका वर्षीचा तोटा दुसऱ्या वर्षीच्या कमाईतून वजा करण्याची मुभा नाही. भरतानाही कर आणि जिंकतानाही कर. ही रक्कम सर्वसाधारण महसुलात जमा झाली. खेळापायी कर्जबाजारी झालेल्यासाठी त्यातून काही बाजूला काढावे, अशी तरतूद वस्तू व सेवा कराच्या रचनेत नाही.

हरलेल्याला दिवाणी न्यायालयाचेही दार बंदच. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील तिसाव्या कलमानुसार पैजेचा करार रद्दबातल असतो, म्हणून पैजेत जिंकलेल्या पैशासाठी दावा लावता येत नाही. अपवाद एकच, तोही घोड्यांच्या शर्यतीत जिंकणाऱ्यास द्यावयाच्या पाचशे रुपये वा अधिक किमतीच्या बक्षिसाचा. दीडशे वर्षांपूर्वीच्या साहेबाने रेसकोर्सची काळजी तेवढी घेतली होती.

रेसकोर्सवरील पैज, कागदी लॉटरी आणि गोव्यातील कॅसिनो नव्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, कारण ते ऑनलाइन नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांवरील कर ४० टक्के झाला, एवढेच. गोव्याचा नमुना यात विशेष बोलका आहे. तेथील सरकारने १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या जुगारास व १९९६ मध्ये जहाजांवरील कॅसिनोस कायद्याने वाट करून दिली, आणि फेब्रुवारी २०२० पासून स्वतःच्या रहिवाशांना मात्र कॅसिनोत प्रवेशबंदी केली. आपल्या घरातल्यांसाठी जे घातक, ते पाहुण्यांसाठी चालते, असा त्याचा अर्थ. या पाहुण्यांत पुणे-मुंबईचे किती असतात, हे मांडवीच्या काठावर संध्याकाळी कानावर पडणाऱ्या मराठीवरून कळते.

बंदीनंतर काय?

पिरंगुटपुरते बोलायचे तर बंदीचा लाभ नाकारता येणार नाही. दूरचित्रवाणीवरचे आवाहन थांबले, दर पाच मिनिटांनी येणारे संदेश थांबले. नव्याने नादी लागणाऱ्या मुलाच्या वाटेत थोडा अडसर आला. जमिनी विकून हाती पैसा आलेल्या मुळशी तालुक्यातील कुटुंबांच्या दृष्टीने तर हा अडसर मोलाचा आहे. ज्याला सवय लागलीच आहे, त्याला मात्र परदेशातून चालणारी संकेतस्थळे आणि टेलिग्रामवरचे गट उघडे आहेत. बंद झालेल्या कंपनीकडे निदान नोंदणी होती, ओळखपत्राची तपासणी होती, कर कापला जात होता. आता या व्यवहाराची नोंदच राहत नाही. तक्रार झालीच तर ती चोरीची, फसवणुकीची किंवा घरातून निघून गेलेल्या मुलाची असते. मूळ कारण कागदावर क्वचितच येते.

जुगार वैध ठेवून त्यावर अंकुश ठेवण्याचा दुसरा मार्ग ब्रिटनने धरला आहे. तेथे एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डावर जुगार खेळण्यास मनाई झाली. एप्रिल २०२५ पासून ऑनलाइन यंत्रखेळात एका डावाला पाच पौंड आणि पंचवीस वर्षांखालील खेळाडूंना मे २०२५ पासून दोन पौंड अशी मर्यादा आहे. कंपन्यांकडून सक्तीची पट्टी घेऊन तो पैसा उपचार व संशोधनासाठी वापरण्याची योजनाही २०२५ मध्ये सुरू झाली. खेळाडू स्वतःचे नाव एकदा नोंदवून सर्व परवानाधारक संकेतस्थळांचे दार स्वतःसाठी बंद करून घेऊ शकतो. तेथील दुष्परिणाम संपले असे कोणी म्हणणार नाही. पण हरणाऱ्याला कायद्यात जागा आहे.

आपल्याकडे ती जागा ना करआकारणीच्या काळात होती, ना बंदीच्या काळात आहे. जुगाराचे व्यसन हा आजार असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात नमूद आहे. बंगळूरच्या 'निम्हान्स'ने तंत्रज्ञानाच्या अतिवापरावर उपचारांसाठी स्वतंत्र केंद्र चालविले. पुण्यात व्यसनमुक्तीसाठी चार दशकांचा अनुभव असलेले 'मुक्तांगण' आहे. परंतु पिरंगुटहून येरवड्याला जायचे म्हणजे सगळे शहर आडवे ओलांडायचे आणि रोज बुडवायचा. कंत्राटी कामगाराला तेवढी रजा सहजासहजी मिळत नाही. आपल्याला झाला आहे तो आजार आहे, हे त्याला सांगणारेही कोणी त्याच्या वाटेवर नाही. ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर समुपदेशक नेमणे, पगार ज्या बँक खात्यात जमा होतो त्यावर दैनंदिन मर्यादा घालून घेण्याची सोय कामगाराला देणे, कर्ज देणाऱ्या ॲपवाल्यांच्या वसुलीला चाप लावणे ही कामे बंदीच्या कायद्याइतकी चटकन मंजूर होणारी नाहीत, आणि त्यांतून महसूलही नाही.

नव्या कायद्याविरुद्ध कर्नाटक, मध्य प्रदेश व दिल्ली येथील उच्च न्यायालयांत दाखल झालेल्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने ८ सप्टेंबर २०२५ रोजी स्वतःकडे वर्ग करून घेतल्या. जुगार हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय असताना केंद्राला असा कायदा करता येतो का आणि कौशल्याच्या खेळावर सरसकट बंदी घालणे व्यवसाय-स्वातंत्र्यात बसते का, हे त्यांतील प्रमुख मुद्दे. या याचिका खेळ चालविणाऱ्या कंपन्यांनी केलेल्या होत्या. त्यांना उत्तर द्यायचे ते केंद्र सरकारने. घोटावडे फाट्यावरून पगाराच्या दिवशी रिकाम्या खात्याने परतणारा कामगार या दोन्ही बाजूंना नाही.