शके ८२२ चा हिशेब

मला ‘आते’ अशी हाक मारणारं या जगात एकच माणूस आहे, आणि ते माझ्या कुठल्याही भावाचं लेकरू नाही. आमच्याच मजल्यावर, लिफ्टच्या पलीकडच्या घरात राहणारी ही फिलिपिनो मुलगी. पहिल्यांदा तिनं पाठीमागून ‘आते’ म्हटलं तेव्हा मी दचकून वळलेच. दुबईत, करामा भागातल्या भाजीच्या दुकानात, माझी भाची कुठून येणार? मग कळलं, तिच्या भाषेत ‘आते’ म्हणजे थोरली बहीण, आणि थोरला भाऊ म्हणजे ‘कुया’. वयानं मोठ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारायची त्यांच्यात पद्धत नाही. शिवाय मोठ्यांशी बोलताना वाक्यात ‘पो’ घालायचा. आपण ‘हो’ किंवा ‘जी’ लावतो तसा. तेव्हा मी तिची ताई. पण माझ्या कानांना आत्याच ऐकू येते, आणि वयाचा हिशेब केला तर ते काही फार चुकीचं नाही.

ती तिशीची. एका दवाखान्यात हिशेबाचं काम करते. दोन खोल्यांत सहा मुली राहतात. दुमजली खाटा, आणि प्रत्येक खाटेला पडदा. पडद्याच्या आत जेवढी जागा, तेवढं एकेकीचं घर.

आमची ओळख झाली ती शेवग्याच्या पाल्यावरून. दुकानातली शेवटची जुडी मी उचलली आणि हिचा चेहरा पडला. मी विचारलं, तुला हा पाला कशाला? तर म्हणाली, कोंबडीच्या आल्याघातल्या रश्श्यात, कच्च्या पपईबरोबर. त्यांच्याकडे शेवग्याला मालुंगाय म्हणतात आणि बाळंतिणीला दूध यावं म्हणून हाच पाला देतात. मी अर्धी जुडी दिली. तेव्हापासून कुठल्या दुकानात काय मिळालं याच्या बातम्या ती मला आणून देते. कारली, दोडके, मूग, चिंच, कच्चा फणस, सगळं तिच्या ओळखीचं. एकदा तर प्लास्टिकचं टमरेल विजयी मुद्रेनं नाचवत आली. त्याला म्हणे ‘ताबो’ म्हणतात, आणि परदेशात गेलेली फिलिपिनो मुलगी घर लागलं की पहिल्यांदा ताबो शोधते. या विषयावर आमचं ताबडतोब एकमत झालं. अधिक खुलासा करत नाही, वाचकांना समजलं असेलच.

अळूवर मात्र वाद झाला. त्यांच्याकडे अळूची वाळवलेली पानं नारळाच्या दुधात मिरच्या घालून शिजवतात. पानं पूर्ण शिजेपर्यंत अजिबात ढवळायची नाहीत, नाहीतर घसा खाजतो, असं ती ठामपणे सांगते. मी म्हटलं, अगं, चिंच घाल, कशी खाजतात बघू! शेवटी दोन पातेली झाली. माझ्या फदफद्याला तिनं ‘चांगलं आहे’ म्हटलं, पण ‘पो’ जरा जास्तच वेळा लावला.

तिच्या बोलण्यातला एक शब्द मला फार आवडतो. रात्री आईशी फोनवर बोलताना शेवटी ती ‘महाल किता’ म्हणते. म्हणजे ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’. आणि दुकानात टोमॅटोचा भाव ऐकला की हीच मुलगी ‘महाल!’ म्हणून किंचाळते. ‘महाल’ म्हणजे प्रिय आणि ‘महाल’ म्हणजे महाग. हा शब्द संस्कृत ‘महार्घ’वरून मलायामार्गे तिकडे गेला, आणि आपला ‘महाग’ही त्याच महार्घाचा. गुरूला ते ‘गुरो’ म्हणतात, तोंडाला ‘मुखा’, आणि आशेला ‘पाग-आसा’.

हे सगळं गमतीचं झालं. खरी ती मला कळली १६ एप्रिल २०२४ च्या रात्री. त्या दिवशी इथे जो पाऊस झाला तो १९४९ पासूनच्या नोंदींमधला सर्वांत मोठा. रस्त्यांच्या नद्या झाल्या, विमानं अडकली. आमच्या इमारतीची वीज गेली, लिफ्ट बंद. हे कचेरीत अडकलेले, मी मुलाला घेऊन घरात एकटी. तेवढ्यात दारावर थाप. ही उभी, हातात मेणबत्ती. आत आली ती सरळ न्हाणीघरात गेली आणि नळाला धार होती तोवर घरातली झाडून सगळी भांडी भरून ठेवली. मग खिडकीपाशी बसून म्हणाली, ‘‘आते, वारा नाही. नुसता पाऊस आहे. घाबरू नका.’’

तिचं गाव लेयते बेटावर, ताक्लोबान शहराच्या बाहेर. वडिलांची माडांची वाडी होती. ८ नोव्हेंबर २०१३ ला तिथे ‘योलांडा’ वादळ आलं. बाहेरच्या जगात त्याला ‘हैयान’ म्हणतात. समुद्र जमिनीवर चढून आला आणि सहा हजारांवर माणसं गेली. ही तेव्हा मनिलाजवळ दिलिमानला, फिलिपिन्स विद्यापीठात शिकत होती. सोळाव्या वर्षीच कॉलेजात गेलेली, कारण त्या वेळी त्यांच्याकडे शाळा दहाच वर्षांची होती. पाच दिवस घरून काही कळलं नाही. खोलीत बसवेना, म्हणून ती ‘इकोत’ जीपनीत जाऊन बसायची. जीपनी म्हणजे त्यांची रंगीबेरंगी, लांबुडकी टमटम, आणि ‘इकोत’ विद्यापीठाच्या आवारात गोल गोल फिरते. मागं बसलेल्यानं ‘बायाद पो’ म्हणून पैसे पुढच्याच्या हातात द्यायचे, त्यानं त्याच्या पुढच्याच्या, असे ते ड्रायव्हरपर्यंत पोचतात आणि सुटे पैसे त्याच वाटेनं परत येतात. ‘‘त्या पाच दिवसांत मी किती लोकांचे पैसे पुढे दिले असतील!’’ ती म्हणाली. ‘‘हाताला काम होतं तेवढं.’’ पाचव्या दिवशी कुणाच्या तरी फोनवरून आईचा निरोप आला. सगळे जिवंत आहेत, घर नाही, वाडी नाही.

त्या वादळानं तीन कोटींच्या वर माडांचं नुकसान केलं. नवा माड लावला तर फळ धरायला सहा-आठ वर्षं. वडील एका दिवसात वाडीवाल्याचे मजूर झाले. हिचा धाकटा भाऊ तेव्हा आठ वर्षांचा होता.

हिचं शिक्षण केलं ते मावशीनं. मावशी हाँगकाँगला एका घरी कामाला होती. तिनं हिची फी भरली, खोलीचं भाडं भरलं, आणि प्रत्येक फोनमध्ये त्याची आठवण करून दिली. त्यांच्याकडे ‘उतांग ना लोओब’ असा शब्द आहे. उतांग म्हणजे ऋण, लोओब म्हणजे आतलं. आतलं ऋण. ते पैशानं फिटत नाही, जन्मभर मान तुकवून फेडायचं असतं. आपल्याला काही हे नवीन नाही. तिच्या पदवीदानाला, सूर्यफुलांच्या त्या प्रसिद्ध रस्त्यावर, सगळ्या मुली फोटो काढत होत्या. तिकडे काळा झगा नसतो. ‘साब्लाय’ नावाचा भरजरी पट्टा उपरण्यासारखा उजव्या खांद्यावर घेतात आणि पदवी जाहीर झाली की डाव्या खांद्यावर करतात. हिनं पट्टा खांद्यावरून फिरवला आणि मनात आलं ते असं, की हा मावशीचा. ‘‘आनंदाचा एक दिवस होता, आते. तोसुद्धा उसना.’’

खरं सांगते, मला तेव्हा तिचा थोडा रागच आला. मावशीनं दुसऱ्यांच्या घरची भांडी घासून पैसे पाठवले, चार शब्द बोलून दाखवले तर काय बिघडलं? मी तसं म्हटलंही. ती काही बोलली नाही. मेणबत्ती नीट केली.

गेल्या वर्षी पुन्हा हाच विषय निघाला. भाऊ आता कॉलेजात, तिसऱ्या वर्षाला. २०१७ च्या कायद्यामुळे तिथल्या सरकारी विद्यापीठांत फी माफ आहे, पण राहणं, जेवण, पुस्तकं सगळं हिच्या पगारातून. भावानं कळवलं की, आतेचा पैसा खाऊन शिकणं पटत नाही, शिक्षण सोडून दुबईला येतो, कुठेही काम करतो. आईचंही तेच म्हणणं, त्याला बोलावून घे. मी आपली शहाणपणानं म्हणाले, येऊ दे की! तुझा भार तरी हलका होईल.

ती माझ्यावर चिडलेली मी तेव्हा एकदाच पाहिली. ‘पो’ सुद्धा विसरली. ‘‘तो माझं देणं लागत नाही! त्याला असं वाटूच नये म्हणून मी कधी आकडा सांगितलेला नाही, आईला नाही, त्याला नाही, कुठे लिहूनही ठेवलेला नाही. हिशेब लिहिणं माझं पोट आहे, आते. हा एक मी लिहिणार नाही.’’

मग बहुधा माझा चेहरा बघूनच तिनं विषय बदलला आणि मोबाइलवर एक फोटो दाखवला. कॉलेजात असताना मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात वर्गाची सहल गेली होती, तिथला. तांब्याचा एक लहानसा, काळवंडलेला पत्रा. १९८९ च्या सुमाराला लागुना प्रांतात नदीच्या गाळात सापडला. आंतोन पोस्तमा नावाच्या डच अभ्यासकानं तो वाचला, तोवर देशाचा लेखी इतिहास स्पॅनिश लोक आल्यावर सुरू होतो असंच शिकवत असत. लेख कशाचा? तर नामवरान नावाच्या माणसाचं, त्याच्या लेकरांचं आणि वंशजांचं कर्ज माफ झालं, याचा दाखला. रक्कम एक काटी आणि आठ सुवर्ण. आणि वर तारीख. ती मी मोठ्यानं वाचली आणि ह्यांना हाक मारली. शके ८२२, वैशाख मास, कृष्ण चतुर्थी, सोमवार! भिंतीवर ‘कालनिर्णय’ लटकत होतं. हे त्याच्याकडे बघायचे आणि फोटोकडे बघायचे. इसवी सन ९०० चा दाखला, मनिलाजवळचा, आणि तिथी आपली.

‘‘आमच्या देशाचा सगळ्यात जुना कागद,’’ ती म्हणाली, ‘‘आणि त्यात लिहिलंय काय, तर आता तुम्ही काही देणं लागत नाही.’’

माझा चेहरा का उतरला होता, ते तिला ठाऊक नव्हतं. माझं माहेर श्रीवर्धनचं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ आलं आणि माझ्या भावाची सुपारीची वाडी आडवी झाली. उभे होते ते पोफळीचे बुंधे, शेंड्याविना. मी तीन वेळा पैसे पाठवले. त्यानं मागितले नव्हते, मीच पाठवले. आणि कपाटातल्या निळ्या वहीत तारीख-रक्कम लिहून ठेवली. का लिहिली, हे मला नवऱ्यानं विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. फोनवर मी कधी त्याबद्दल बोलले नाही, पण वाडीचं कसं काय, हे मात्र दर वेळी विचारायचे. तो बिचारा लगेच रोपांचा तपशील द्यायचा, सावकाराला द्यावा तसा. हे माझ्या आत्ता लक्षात येतंय.

तिचा भाऊ आला नाही. परीक्षा देतोय. या महिन्यात तिचा ‘बालिकबायान’ खोका भरतोय. घरी पाठवायचा भलामोठा पुठ्ठ्याचा खोका, जहाजानं जातो, पैसे आकारावर, वजनावर नाही, त्यामुळे बोट शिरेल तिथे साबणाची वडी शिरते. मी त्यात गोडा मसाला घातलाय. अळूला लावून बघा म्हणावं.

आणि परवा भावाला फोन केला. तो नेहमीप्रमाणे सुरू झाला, ‘‘तायडे, पोफळी धरायला लागल्यात, यंदा थोडं पीक आलं की मी तुझे...’’ मी त्याला मध्येच थांबवलं. म्हटलं, माझे काही नाहीत. पोरांचं सांग, कशी आहेत?

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग त्यानं हळूच विचारलं, ‘‘तायडे, तब्येत बरी आहे ना तुझी?’’