‘पाऊले चालती’ पारंपरिक नव्हे



वारीच्या गाण्यांविषयी छापलेल्या पत्रात ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ हा जुना पारंपरिक अभंग असल्याचे म्हटले आहे. हे साफ चुकीचे आहे. हे गीत दत्ता पाटील यांनी लिहिले, मधुकर पाठक यांनी त्याला चाल दिली आणि प्रल्हाद शिंदे यांनी ते गायले. संतांच्या गाथांत ते शोधून सापडणार नाही.

गैरसमज कसा झाला, हे कळते. आधी ध्वनिमुद्रिका आणि मग कॅसेट गावोगावी वाजली. गाणे लोकांच्या तोंडी बसले, कर्त्यांची नावे मात्र गळाली. आमच्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत मागांच्या खडखडाटातही शिंदे यांचा तो खडा, भरदार आवाज कानावर येतो. भीमगीते आणि कव्वाल्याही त्याच ताकदीने गाणारा हा गळा होता. शिवाय या गीतातला माणूस विरक्त साधू नाही. गरिबीने गांजलेला, प्रपंचातला तो साधा माणूस आहे. म्हणूनच कामगाराला ते आपले वाटते. अशा गीताच्या कवीचे नाव पुसले जाणे हा त्याच्यावर अन्यायच आहे.

शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी सोलापूरमार्गे पंढरपूरला जाते. त्या वेळी मंडपांत हे गाणे लावणाऱ्या मंडळांनी आणि भक्तिगीतांचे कार्यक्रम करणाऱ्या निवेदकांनी ‘पारंपरिक’ म्हणणे थांबवावे आणि पाटील, पाठक व शिंदे ही तिन्ही नावे घ्यावीत, ही विनंती.

— एक यंत्रमाग कामगार, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर