धरला आणि सोडला

दिवाळीत भाचा पुण्याहून जळगावला आला, तो बगलेत एक लांबलचक नळकांडे मारून. मला वाटले, मामीसाठी गालिचा-बिलिचा असेल. निघाला गळ! आपल्याकडे मेहरूणच्या तलावावर पोरे बांबूला दोरी बांधून बसतात तो नव्हे. चांगला विलायती, चकचकीत रिळाचा. सोबत प्लॅस्टिकचे खोटे मासे. मामीने ते फराळाच्या ताटाशेजारून तत्काळ उचलायला लावले.

"मामा, पर्सनल लोन किती दिवसांत होतं हो?"

बँकेतल्या कारकुनाला नातेवाईक प्रकृती विचारत नाहीत, व्याजाचा दर विचारतात. मी म्हटले, "कशाला हवंय?" तर स्वारीला ब्राझीलला जायचे होते. तिथे अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात रिओ निग्रो नावाची काळ्या पाण्याची नदी आहे. तिच्या काठी बार्सेलोस नावाचे गाव आहे. तिथून बोटीने जंगलात शिरायचे, वाटाड्या घ्यायचा, आठवडाभर पीकॉक बास नावाचा मासा गळाने धरायचा, त्याच्यासोबत फोटो काढायचा आणि तो पाण्यात सोडून द्यायचा. विमानभाड्यासकट खर्च सहा लाख.

"सोडून द्यायचा? खायचा नाही?"

"छे हो मामा! हे स्पोर्ट आहे. शिवाय कॉन्झर्वेशन!"

वीस वर्षांत मी कर्जाचे पुष्कळ अर्ज पाहिले. म्हैस, विहीर, मुलीचे लग्न, आणि एकदा तर भावाविरुद्धचा दावा. पण 'मासा धरून परत सोडणे' हे कारण प्रथमच पाहिले. परतफेडीची इतकी हमी दुसऱ्या कोणत्याही अर्जात नव्हती.

आता मी स्वतः भरीत-भाकरीवर वाढलेला माणूस. मासा माझ्या ताटात येत नाही, त्यामुळे कोणी तो धरला काय नि सोडला काय, माझे काही जात नाही. माझी हरकत आहे ती त्या 'कॉन्झर्वेशन' शब्दाला. समजा, रात्री बँकेत कोणी शिरला, त्याने तिजोरी उघडली, नोटांच्या थप्पीला मिठी मारून फोटो काढला आणि थप्पी जागेवर ठेवून निघून गेला. आपण त्याला ठेवीदारांचा हितचिंतक म्हणू काय? आणि पोटासाठी जाळे टाकणारा भोई मात्र तुमच्या हिशेबात नदीचा शत्रू!

भाचा चिडला. म्हणाला, "कावेरीचं वाचा मामा, मग बोला." मी वाचले. आणि वाचकहो, तिथे मला माझ्या धंद्यातली गोष्ट सापडली.

कर्नाटकात कावेरीच्या जंगलात भीमेश्वरी, गलीबोरे अशा ठिकाणी गळवाल्यांच्या छावण्या होत्या. साहेब लोक लांबून येत ते महसीर नावाच्या बलदंड माशासाठी. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महसीर धरला होता. आमच्या कॅशियरचे वजन त्याहून कमी भरेल. गळ साहेबाचा, पण तो कुठल्या खडकाआड टाकायचा हे सांगणारा माणूस गावचाच, त्याच नदीत वाढलेला.

पुढे मासे कमी झाले, तेव्हा सज्जनांनी उपाय काढला. लोणावळ्याला वळवण धरणाशी महसीरची पिल्ले तयार होत. १९७० च्या दशकापासून ती दूरदूरच्या पाण्यात सोडली गेली, कावेरीतही. हेतू उत्तम! पण लोणावळ्याचा महसीर निळसर परांचा, आपल्या दख्खनच्या नद्यांतला. १८३९ साली कर्नल साइक्स यांनी नोंदवलेला तो हाच. कावेरीचा स्वतःचा महसीर केशरी परांचा, पाठीला कुबड असलेला, सर्वांत मोठा होणारा. पाहुणे वाढत गेले, आणि घरमालक दिसेनासा झाला. २०१८ साली त्याला 'टॉर रेमादेवी' हे शास्त्रीय नाव निश्चित मिळाले आणि त्याच वर्षी अतिसंकटग्रस्त म्हणून त्याची नोंद झाली. बारसे आणि अत्यवस्थ असल्याचा दाखला एकदमच!

वाणिज्य शाखेच्या पदवीधराला यात नवल नाही. पाटलांची रक्कम चौधरींच्या खात्यावर जमा झाली तरी तेरीज जुळतेच. शाखा खूष, साहेब खूष. पाटील पासबुक घेऊन येईपर्यंत चूक कोणाला कळत नाही. नदीत मासे वाढले, सगळे खूष. फक्त मासा पासबुक घेऊन येत नाही.

मग ही चूक पकडली कोणी? इथे मला नाइलाजाने भाच्याच्या बाजूला एक रक्कम जमा करावी लागते. गलीबोरेच्या छावणीत १९९८ पासून २०१२ पर्यंत गळवाल्यांच्या शिकारीची नोंद ठेवली गेली होती : मासा कोणता, वजन किती, गळ किती तास पाण्यात होता. सहा हजारांहून अधिक मासे! २०१५ साली शास्त्रज्ञांनी ती वही उघडली तेव्हा कळले, की माशांची संख्या वाढते आहे, पण कुबडवाला संपत आला आहे. अभयारण्यातली ही गळमासेमारी तोवर कायद्याच्या कारणाने बंद झाली होती. म्हणजे धरण्या-सोडण्याने वाचले असेल ते वाचले असेल. कामाला आली ती वही. कारकुनी, वाचकहो, कारकुनी! फोटोंतल्या हसऱ्या चेहऱ्यांचा उपयोग त्यांच्या बायकांना ते दाखवण्यापुरताच.

मी भाच्याला म्हटले, "कर्जाचं नंतर बघू. आधी आपली नदी बघून ये." माझी नोकरी धुळ्याला. रविवारी त्याला घेऊन मुडावदला गेलो. तिथे पांझरा तापीला मिळते. काठावर एक म्हातारे भोईबाबा जाळे झटकत बसले होते. भाच्याने आपला गळ दाखवला, फोटो दाखवले, धरून सोडण्याचे तत्त्व समजावले. बाबांनी शांतपणे ऐकून घेतले.

"धरतस नि सोडी देतस? मंग धरतस कसाले?"

भाच्याजवळ उत्तर नव्हते. मी विचारले, "बाबा, पूर्वी कोणकोणते मासे मिळायचे?" बाबा बोटे मोजू लागले. दोन्ही हातांची संपली, तरी नावे चालूच. त्यातली निम्मी मी जन्मात ऐकली नव्हती, आणि भाच्याच्या फोनलाही सापडली नाहीत. आज काय मिळाले, तर त्यांनी टोपली पुढे केली. चिलापीच चिलापी, म्हणजे मूळची आफ्रिकेची. आणि तळाशी एक वाम.

बाबांच्या त्या बोटांवरची खतावणी आजवर कोणी कागदावर उतरवून घेतली होती का, हे विचारले. कोणी नाही. सहा लाख घालून अ‍ॅमेझॉनचा मासा बघायला जाणाऱ्याला मुडावदचे एसटीचे तिकीट परवडले नसते थोडेच?

खिशात बँकेची छोटी डायरी होती. तारीख घातली, गाव लिहिले. भाच्याला टोपली मोजायला बसवले. हात ओले होतात म्हणून जरा कुरकुरला, पण बसला. चिलापी एकोणीस, वाम एक. खाली बाबांनी सांगितलेली जुनी नावे एकाखाली एक लिहिली आणि प्रत्येकापुढे शून्य मांडत गेलो. बाबा बराच वेळ माझ्या पेनकडे बघत होते. शेवटी हळूच म्हणाले,

"हाई काय लिखी ऱ्हायनात साहेब? टॅक्स लागस का?"