पांढरा पट्टा

पाकिस्तानचा झेंडा क्रिकेटच्या निमित्ताने आपल्याकडे घरोघरी पाहिला जातो. हिरवा रंग, त्यावर चंद्रकोर आणि तारा. पण काठीलगत जो पांढरा पट्टा असतो तो कशासाठी, असे विचारले तर फार थोड्यांना सांगता येईल. तो तिथल्या अल्पसंख्याकांचा आहे. हिंदू, ख्रिस्ती, शीख, पारशी, सगळ्यांचा मिळून एक पट्टा.

ज्या दिवशी हा झेंडा मंजूर झाला, त्याच ११ ऑगस्ट १९४७ या दिवशी जिनांनी कराचीत घटना समितीपुढे भाषण केले. देवळात जा, मशिदीत जा, तो ज्याचा त्याचा प्रश्न; राज्यकारभाराला नागरिकाच्या धर्माशी काही कर्तव्य नाही, असा त्याचा आशय होता. जिनांना ते मनापासून म्हणायचे होते की प्रसंग पाहून, यावर पंडित अजून भांडतात. पाकिस्तानातल्या ख्रिस्ती माणसाला त्या वादात रस नाही. शब्द दिला आहे ना, मग तो पाळा, एवढेच त्याचे म्हणणे.

पंजाबात फैसलाबादजवळ खुशपूर नावाचे गाव आहे. फेलिक्स नावाच्या एका पाद्र्यावरून ते नाव पडले. लॅटिनमध्ये फेलिक्स म्हणजे सुखी, म्हणून खुशपूर. वस्ती जवळजवळ सगळी कॅथलिक. पंजाबातले बहुतेक ख्रिस्ती मूळचे भूमिहीन, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतले. धर्म बदलला, पण पाठीला चिकटलेली जात सुटली नाही. सफाई कामगाराच्या नोकरीसाठी फक्त बिगर मुसलमानांनीच अर्ज करावेत, अशा जाहिराती तिथे अगदी अलीकडेपर्यंत छापून येत होत्या. दुसरीकडे त्याच ख्रिस्ती समाजाच्या शाळांत देशातल्या बड्या घरांची मुले शिकली. कराचीच्या सेंट पॅट्रिक शाळेत तर लालकृष्ण अडवाणी आणि परवेझ मुशर्रफ दोघेही शिकले. शाळा चालते, शिकवणाऱ्यांचा धर्म चालतो, पण त्या धर्माच्या मुलाला पंतप्रधान होता येत नाही. १९७३च्या घटनेने ते पद मुसलमानासाठीच राखून ठेवले आहे.

या खुशपूरने दोन माणसे दिली. पहिले बिशप जॉन जोसेफ. १९८६ साली झियांच्या राजवटीत ईशनिंदेच्या कायद्यात नवे कलम आले आणि पैगंबरांच्या अवमानाला देहान्ताची शिक्षा ठरली. कुणाशी शेताच्या बांधावरून भांडण होवो की घराच्या जागेवरून, एक आरोप केला की समोरचा माणूस संपला. अयूब मसीह नावाच्या ख्रिस्ती तरुणाला अशीच फाशीची शिक्षा झाली. तेव्हा ६ मे १९९८ रोजी साहिवालच्या न्यायालयाबाहेर बिशप जोसेफ यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. आत्महत्या त्यांच्या धर्मात पाप. त्यावर त्यांच्याच लोकांत बरीच चर्चा झाली. मात्र २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने अयूब मसीहला निर्दोष सोडले. ते पाहायला बिशप नव्हते.

दुसरे शाहबाज भट्टी. यांनी मरायचे नाही, लढायचे ठरवले होते. हिंदू, शीख, ख्रिस्ती यांना एकत्र आणणारी संघटना त्यांनी काढली. २००८ साली ते अल्पसंख्याक खात्याचे केंद्रीय मंत्री झाले. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अल्पसंख्याकांसाठी पाच टक्के जागा राखून घेतल्या. ११ ऑगस्ट हा राष्ट्रीय अल्पसंख्याक दिन म्हणून जाहीर करवून घेतला. यात मोठी चलाखी होती. नवे काहीच मागितले नव्हते. राष्ट्रपित्याच्याच शब्दाची दरवर्षी आठवण करून द्यायची होती!

त्याच सुमारास आसिया बीबीचे प्रकरण उभे राहिले. जून २००९ मध्ये फालशाची फळे तोडायला गेलेल्या या मजूर बाईने उन्हात पाणी आणले. ख्रिस्ती बाईच्या हातचे पाणी विटाळलेले, असे बरोबरच्या बायका म्हणाल्या. महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला या पाण्याचे वेगळे वर्णन करून सांगायला नको. बोलण्यावरून बोलणे वाढले, ईशनिंदेचा आरोप झाला आणि २०१० साली तिला फाशीची शिक्षा सुनावली गेली. पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर तिच्या बाजूने बोलले. ४ जानेवारी २०११ रोजी त्यांच्याच अंगरक्षकाने त्यांना गोळ्या घातल्या. त्या अंगरक्षकाला न्यायालयात आणले तेव्हा काही वकिलांनी त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या. कायदा शिकलेली माणसे!

भट्टींना देश सोडून जायचा सल्ला अनेकांनी दिला. ते गेले नाहीत. आपला खून झाल्यास दाखवावी म्हणून त्यांनी एक चित्रफीत करून ठेवली होती. आपल्या लोकांच्या हक्कांसाठी मरायची तयारी आहे, असे त्यात ते शांतपणे सांगतात. २ मार्च २०११ला इस्लामाबादमध्ये आईच्या घरून निघालेली त्यांची गाडी अडवून मारेकऱ्यांनी त्यांना ठार केले. वय ४२. खुशपूरलाच त्यांना पुरले.

या माणसाला आशा कशाची होती? गमतीची गोष्ट अशी की पाकिस्तानातल्या ख्रिश्चनांनी आशा नेहमी कायद्यावर ठेवली, ज्या कायद्याने त्यांना पोळले त्याच्यावरच. याचे मूळ शोधायचे तर न्यायमूर्ती कॉर्नेलियस यांच्याकडे जावे लागते. आग्र्यात जन्मलेले हे ख्रिस्ती गृहस्थ फाळणीनंतर पाकिस्तानात राहिले. १९५४ साली गव्हर्नर जनरलने घटना समितीच बरखास्त केली. प्रकरण वरिष्ठ न्यायालयात गेले, तेव्हा पाचपैकी चार न्यायमूर्तींचा निकाल सरकारच्या पथ्यावर पडला. एकट्या कॉर्नेलियस यांनी विरोधी मत लिहिले. त्या चौघांच्या निकालाने पुढच्या लष्करशहांचा रस्ता सोपा झाला, असे आज तिथले कायदेपंडितच म्हणतात. पुढे १९६० ते १९६८ अशी आठ वर्षे कॉर्नेलियस देशाचे सरन्यायाधीश होते. १९९१ मध्ये वारले तेव्हा लाहोरच्या एका हॉटेलात राहत होते. स्वतःचे घर त्यांनी केले नव्हते.

एकट्याचे मत कपाटात पडून राहते, पण फाडले जात नाही. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी आसिया बीबीची निर्दोष सुटका केली. साक्षीदारांच्या जबान्या एकमेकींशी जुळत नाहीत, हे साधे कारण. तिघेही मुसलमान. राज्यपालाचे आणि मंत्र्याचे काय झाले ते त्यांना ठाऊक होते, रस्त्यावर दंगली होणार हेही. तरी त्यांनी सही केली. आसियाला मात्र देशात राहणे शक्य झाले नाही. २०१९ साली ती कॅनडाला गेली. कायद्याने सुटलेल्या निरपराध बाईला आपल्या गावी परतता येत नाही, हा हिशेब अजून बाकी आहे.

२०२३च्या जनगणनेत पाकिस्तानात सुमारे ३३ लाख ख्रिस्ती मोजले गेले. शंभरात दीडसुद्धा नाहीत. त्या वर्षी ११ ऑगस्टला कराचीत अल्पसंख्याकांनी हक्कांसाठी मोर्चा काढला. पाचच दिवसांनी फैसलाबाद जिल्ह्यातल्या जडांवाला गावात ईशनिंदेची आवई उठली. जमावाने वीसहून अधिक चर्चना आणि कितीतरी घरांना आगी लावल्या. लोकांनी उसाच्या शेतांत लपून रात्र काढली.

पुढच्या वर्षी ११ ऑगस्ट आला, तेव्हा कराचीत मोर्चा पुन्हा निघाला.