तेल आणि फडकं

कोलकात्यात बदली होऊन आठ महिने झाले. ही माझी इथली दुसरी पोस्टिंग. पहिल्या वेळी आलो तेव्हा किल्ल्याला सगळे फोर्ट विल्यम म्हणायचे. आता त्याचं नाव विजय दुर्ग आहे, आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून ठेवलेलं. कोकणातल्या माणसाला ते ऐकून बरं वाटतं. हवा मात्र तीच आहे. पावसाळ्यात बुटांना बुरशी, बेल्टला बुरशी, काळ्या पेटीत ठेवलेल्या लग्नाच्या अल्बमलाही बुरशी.

आजचा विषय गिटार. हल्ली बॅरकमध्ये बऱ्याच पोरांकडे गिटार असते. सुट्टीवरून येताना कुणी तरी खांद्याला लावून आणतो, आणि महिन्याभरात प्रश्न येतो, ‘साहेब, हिच्या फिंगरबोर्डाला कोणतं तेल लावायचं?’ फिंगरबोर्ड म्हणजे गिटारच्या गळ्यावरची लाकडी पट्टी, जिच्यावर आपण तारा दाबतो. माझं मत असं आहे की तेलाचा विचार सगळ्यात शेवटी करा. आधी फडकं, मग हवा, मग तेल. हे मत मला फुकट मिळालेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमची गिटार पहिल्या पोस्टिंगमध्ये इथेच घेतली. लालबाजारच्या पोलीस मुख्यालयाजवळून रवींद्र सरणी जाते, म्हणजे जुना चितपूर रोड. तिथे वाद्यांच्या दुकानांची रांगच आहे. या शहराला वाद्यं बनवण्याची जुनी सवय. मांडीशी घेऊन एका हाताने भाता मारायची हार्मोनियम इथल्याच द्वारकानाथ घोष यांच्या ‘द्वारकिन’ने घरोघर नेली. हवाईयन गिटार तर बंगाल्यांनी इतकी आपली केली की रवींद्रसंगीतही तिच्यावर वाजतं. ती मांडीवर आडवी ठेवून तारांवरून लोखंडी कांडी फिरवत वाजवतात. बोट फिंगरबोर्डाला लागतच नाही. आमची मात्र साधी, तारा दाबून वाजवायची. मोठी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. गिटार तिच्यापेक्षा उंच होती, पण हट्ट तिचाच होता.

फिंगरबोर्ड शिसवाचा होता. हे लाकूड आपल्या सह्याद्रीतलंही आहे. जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांच्या गिटारींवर ‘इंडियन रोजवुड’ असं लिहिलेलं असतं, ते हेच. तोड इतकी झाली की २०१७ पासून शिसवाच्या साऱ्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आलं. तयार वाद्यांना त्यातून २०१९ मध्ये सूट मिळाली. आमच्या गावच्या घरात आजीचा शिसवी देव्हारा आहे. तिला मी त्याला तेल चोपडताना कधी पाहिलं नाही. रोज सकाळी पूजेआधी सुक्या फडक्याने पुसायची, एवढंच. पण आजीकडून शिकायचं सोडून मी उस्तादांकडून शिकलो.

बेळगावला ट्रेनिंगमध्ये उस्तादांनी आमच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं की हत्याराची सेवा म्हणजे चिंदी आणि तेल. जुने लोक लाकडी दस्त्याच्या रायफलींच्या गोष्टी सांगायचे. थ्री-नॉट-थ्रीच्या दस्त्याला जवसाचं तेल चोळायचे, ते लाकूड कसं चकाकायचं. मग माझी समजूत झाली की लाकूड म्हणजे तेल, आणि जास्त तेल म्हणजे जास्त सेवा.

कोलकात्यानंतर आम्ही राजस्थानात गेलो. पहिल्याच उन्हाळ्यात गिटारच्या गळ्याच्या कडेने बोट फिरवलं तर खरखर लागायला लागली. सतारीला पडदे असतात तशा गिटारला धातूच्या बारीक पट्ट्या असतात, फ्रेट. त्यांची टोकं बाहेर आली होती. मुलीचं बोट कापलं. मला वाटलं, लाकूड कोरडं पडलंय, तेल मागतंय. घरात खोबरेल होतं. ते लावलं, भरपूर लावलं.

त्यानंतर मी फील्डला गेलो आणि कुटुंब तिथेच क्वार्टरमध्ये राहिलं. जवळजवळ तीन वर्षं. दर सुट्टीत घरी आलो की गिटार काढायची आणि तेल पाजायचं, हा नेमच झाला. एकदा मुलगी म्हणाली, ‘पप्पा, चिकट लागतं.’ मी म्हटलं, ‘मुरेल.’

ते मुरलं नाही. कोलकात्याला आलो, एक पावसाळा गेला आणि गिटार घेऊन मी त्याच रवींद्र सरणीवर एका कारागिराकडे गेलो. वय सत्तरीच्या आसपास, दुकान एवढंसं. मी मराठी आहे कळल्यावर हसून म्हणाले, ‘म्हणजे बर्गी!’ १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाच्या भीतीने इथल्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. मराठे इथवर आलेच नाहीत, पण ‘बर्गी’ हा शब्द बंगाली घरांत अजून राहिला आहे.

मग त्यांनी फिंगरबोर्डवरून पांढरं फडकं फिरवलं. फडकं काळं चिकट झालं. नखाने कडेचा एक फ्रेट दाबला तर तो हलला. म्हणाले, ‘दादा, याला इतकं तेल कुणी दिलं?’ मी गप्प.

त्यांनी मला जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. ओलावा गेला की ते आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत आकसतं. फ्रेट धातूचे, ते आकसत नाहीत. म्हणून त्यांची टोकं बाहेर येतात. राजस्थानात माझ्या गिटारला पाणी कमी पडलं होतं, तेल नव्हे. तेलाने गेलेलं पाणी भरून येत नाही. खोबरेल, मोहरी ही खाण्याची तेलं लाकडात सुकत नाहीत. धूळ आणि घाम धरून बसतात, पुढे खवट होतात. फ्रेट ज्या खाचेत बसवलेले असतात तिथे तेल उतरत राहिलं की त्यांची पकड सैल होते. जवसाचं तेल सुकतं, पण सुकताना वर थर धरतं. दस्त्याला तो थर चालतो, बोटांखाली चालत नाही. शिवाय जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, ते आपोआप तापून पेटू शकतं. कोतमध्ये काम केलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

हे सगळं मी ऐकून घेतलं. चूक झाली, दुरुस्त होईल, पैसे जातील. पण मग त्यांनी तारांकडे पाहिलं आणि सहज म्हणाले, ‘ही कुणी वाजवत नाही ना?’

मी म्हटलं, ‘मुलगी वाजवते की.’

त्यांनी तार दाखवली. वाजवणाऱ्याची बोटं जिथे रोज पडतात तिथे तार घासून चकचकीत राहते, गंज बाकीच्या भागावर धरतो. आमच्या सहाही तारांवर गंज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा होता. म्हणजे निदान या पावसाळ्यात तरी हात लागला नव्हता.

घरी येऊन बायकोला विचारलं. ती म्हणाली, ‘अहो, तिने सोडून दोन वर्षं झाली. बोट कापायचं, मग चिकट लागायचं. तुम्ही हौसेने तेल लावत होतात, म्हणून ती बोलली नाही.’ दोन वर्षं. त्या दोन वर्षांत मी चार वेळा सुट्टीवर आलो होतो. चारही वेळा गिटार हातात घेतली होती, आणि एकदाही तिला वाजवून दाखव म्हटलं नव्हतं.

म्हणून माझं मत. आपण फौजी लोक दुरून येतो, थोडे दिवस असतो, आणि तेवढ्यात सगळं भरून काढायचं असतं. तेल ओतणं सोपं असतं, कारण ते एका दुपारी होतं आणि केल्यासारखं दिसतं. रोज पुसणं आपल्या हातात नसतं, म्हणून आपण त्याला किंमत देत नाही. वस्तू टिकते ती मात्र पुसण्याने.

काहीजण म्हणतील, साहेब, गिटारवरून कुठे पोहोचलात. बरं, मग फक्त गिटारचं सांगतो. वाजवून झालं की दर वेळी सुक्या मऊ फडक्याने तारा आणि फिंगरबोर्ड पुसा. अर्धं मिनिट लागतं. घाम हाच खरा शत्रू. तारा बदलताना किंचित ओलसर फडक्याने मळ काढा आणि लगेच कोरडं करा. हवेत ओलावा ४५ ते ५५ टक्के असला की गिटार सुखात असते. कोलकात्याच्या पावसाळ्यात तो ८० च्या वर जातो, म्हणून केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. वाळवंटात किंवा लेहला उलट करा: भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत पिळून घेतलेला ओला स्पंज घालून केसमध्ये ठेवा.

तेल वर्षातून एकदा, फार तर दोनदा, तेही लाकूड फिकट आणि कोरडं दिसलं तरच. वाद्यांच्या दुकानात मिळतं ते खनिज तेल, जे खवट होत नाही; त्यातल्या बऱ्याच बाटल्यांवर ‘लेमन ऑइल’ लिहिलेलं असतं, लिंबाचा वासच काय तो. पाच-सहा थेंब फडक्यावर घ्या, लाकडावर ओतू नका. पाच मिनिटांनी सगळं पुसून काढा, बोटाला तेल लागता कामा नये. हे फक्त उघड्या लाकडासाठी, शिसव आणि एबनीसाठी. मेपलचा फिकट, पॉलिश केलेला फिंगरबोर्ड असेल तर त्याला तेल लावूच नका. स्वस्त गिटारींत साध्या लाकडाला काळा रंग दिलेला असतो. फडकं काळं झालं तर मळ समजून घासत बसू नका, आधी एका कोपऱ्यात करून बघा.

कारागिराने फ्रेट पक्के बसवले, टोकं घासली, नव्या तारा चढवल्या. पैसे घेताना म्हणाले, ‘आता तुम्ही काही करू नका.’

गिटार मुलीच्या खोलीत आहे, स्टँडवर, शेजारी फडकं. ती आता चौदा वर्षांची आहे. मी वाजव म्हटलेलं नाही. परवा ड्यूटीवरून आलो तर फडकं स्टँडच्या दुसऱ्या बाजूला होतं. तेलाची बाटली मी कपाटात, वरच्या फळीवर ठेवली आहे.