डोळा यंत्राचा, राखण शेजाऱ्याची

परभणी शहरातील कोणत्याही नव्या वसाहतीतून आज फेरफटका मारला, तर फाटकाच्या खांबावर किंवा पोर्चच्या छताखाली बसविलेला एखादा लहानसा कॅमेरा हटकून दृष्टीस पडतो. जिंतूर, सेलू, गंगाखेड, मानवत या तालुक्यांच्या गावीही हे दृश्य आता नवलाचे राहिलेले नाही. एकेकाळी बँक आणि सराफाची पेढी यांच्यापुरतीच असलेली ही सोय दोन-तीन हजार रुपयांत मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आली आहे. त्यास हालचाल टिपणारा संवेदक जोडलेला असला, की अंगणात कोणी पाऊल टाकताच घरमालकाच्या भ्रमणध्वनीवर सूचना येते. मग तो मालक पुण्यात असो की परदेशात.

या मागणीचे कारण आपल्या कुटुंबांच्या बदललेल्या रचनेत आहे. मुले शिक्षणासाठी पुण्याला गेली, नोकरीच्या निमित्ताने तिथेच स्थिरावली. मागे राहिले दोन वृद्ध जीव आणि आयुष्यभराच्या कमाईतून बांधलेले घर. दिवाळीत, लग्नसराईत, मे महिन्याच्या सुट्टीत तेही मुलांकडे गेले, की त्या घराला कुलूप लागते. अशा घरावर कोणाची तरी नजर असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. आक्षेप कॅमेऱ्यास नाही. चिंता वाटते ती एवढीच, की कॅमेरा बसविला म्हणजे घर सुरक्षित झाले, अशी जी निश्चिंतता येते, ती कितपत खरी आहे? कॅमेरा हा साक्षीदार आहे. त्याच्याकडून राखणदाराची अपेक्षा केली, तर फसगत ठरलेली.

पहिल्या कॅमेऱ्याचा धडा

घरगुती सुरक्षा कॅमेऱ्याची जन्मकथा या दृष्टीने उद्बोधक आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिका होत्या. कामाच्या वेळा अवेळी, वस्तीत गुन्ह्यांचे प्रमाण मोठे आणि पोलीस येण्यास होणारा विलंब नित्याचा. पती अल्बर्ट यांच्या साहाय्याने त्यांनी १९६६ मध्ये एका यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी त्यांना ते मिळाले. दारास वेगवेगळ्या उंचीवर छिद्रे, त्यांच्यामागे वर-खाली सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत दूरचित्रवाणीचा पडदा, बाहेरच्याशी बोलण्याची सोय आणि बसल्या जागेवरून दार उघडण्याची कळ, असे तिचे स्वरूप होते. त्यात आणखी एक कळ होती. ती दाबताच मदतीसाठी इशारा जाई.

ही शेवटची कळ महत्त्वाची आहे. त्या गृहिणीने पाहण्याइतकाच विचार हाक मारण्याचा केला होता. आज आपण बाजारातून डोळा विकत आणतो, पण हाक कोणाला मारायची हे ठरवत नाही. परभणीतील अंगणात मध्यरात्री हालचाल झाली आणि सूचना साडेतीनशे किलोमीटरहून दूर पुण्यात वाजली, तर तो मुलगा करणार काय? पडद्यावर आपलेच घर फोडले जात असलेले पाहणे, हीच त्याच्या हाती उरलेली गोष्ट.

परभणीचे ऊन आणि संवेदक

यंत्राच्या मर्यादाही समजून घेतल्या पाहिजेत. हालचाल ओळखण्याच्या मुख्यतः दोन रीती आहेत. पहिलीत कॅमेरा लागोपाठच्या चित्रांची तुलना करतो आणि फरक दिसला की सूचना देतो. त्यामुळे कडुनिंबाची हलणारी फांदी, पावसाची सर, रात्रीच्या अवरक्त दिव्याभोवती जमणारे किडे किंवा भिंगासमोर जाळे विणणारा कोळी, हे सारेच त्याला ‘घुसखोर’ वाटतात. दुसऱ्या रीतीत संवेदक शरीरातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा वेध घेतो. माणूस त्याच्या क्षेत्रातून आडवा गेला तर तो चटकन ओळखला जातो. सरळ समोरून चालत आला तर तितक्या सहज नाही. म्हणून फाटकाच्या थेट समोर कॅमेरा लावण्यापेक्षा येणाऱ्याची वाट त्याच्यासमोरून आडवी जाईल अशी जागा निवडणे श्रेयस्कर.

उष्णता ओळखणारा हा संवेदक शरीर आणि भोवताल यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असतो. परभणीच्या उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर जाणे नवीन नाही. भिंती, फरशी आणि हवा यांचे तापमान माणसाच्या त्वचेच्या तापमानाजवळ आले, की हा फरक पुसट होतो आणि संवेदकाची धार बोथट होते. मराठवाड्यातील उन्हाळ्याची दुपार म्हणजे गल्ली ओस पडण्याची वेळ. दारे-खिडक्या लावून सारे घरात, रस्त्यावर चिटपाखरू नाही. म्हणजे ज्या वेळी माणसांची नजर नसते, त्याच वेळी यंत्राची नजरही मंद होण्याचा संभव. तापलेल्या पत्र्यासमोर, कूलरच्या झोताजवळ किंवा पश्चिमेच्या थेट उन्हात संवेदक लावला, तर त्याचे खोटे इशारे वेगळेच. आणि दिवसातून पन्नास खोटे इशारे आले, की माणूस एक दिवस ती सूचनाच बंद करून टाकतो. लांडगा आला रे आला, ही गोष्ट यंत्रासही लागू आहे. यावर उपाय साधा आहे. कॅमेऱ्याच्या क्षेत्रातून रस्ता आणि झाड वगळावे, संवेदकाची तीव्रता ऋतूप्रमाणे बदलावी आणि महिन्यातून एकदा घरातल्याच कोणी दुपारी व रात्री चालून पाहून परीक्षा घ्यावी.

साठवणुकीचाही हिशेब आहे. सेकंदाला दोन मेगाबिट या साधारण वेगाने अखंड चित्रण केल्यास दिवसाला सुमारे २१ जीबी जागा लागते. ६४ जीबीचे कार्ड तीन दिवसांतच भरते आणि जुने पुसून नवे लिहू लागते. पंधरा दिवसांनी गावाहून परतलेल्या कुटुंबाला पहिल्या आठवड्याची चोरी त्यात सापडणार नाही. हालचाल असेल तेव्हाच चित्रण करण्याचा खरा उपयोग इथे आहे. वादळवाऱ्यात वीज गेली तर काय, याचाही विचार हवा. कॅमेरा इन्व्हर्टरवर असून इंटरनेटचे यंत्र त्यावर नसेल, तर सूचना जाणारच नाही. चित्रण साठविणारी पेटी दिवाणखान्यात टीव्हीखाली ठेवणे म्हणजे चोराला पुरावाही सोबत देण्यासारखे आहे. ती कुलुपात असावी आणि एक प्रत घराबाहेर साठविली जावी.

आपल्या घराची किल्ली कोणाकडे?

याहून गंभीर प्रश्न आहे तो कॅमेऱ्यामागील अदृश्य दाराचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोट येथील एका प्रसूतिगृहातील स्त्रियांच्या तपासणीचे चित्रण समाजमाध्यमांवर विक्रीस ठेवले गेल्याचे उघडकीस आले. गुजरात पोलिसांनी अटक केलेल्यांत लातूर आणि सांगली येथील तरुण होते. लातूर म्हणजे परभणीच्या शेजारचा जिल्हा. हे विष आपल्या उंबरठ्यापर्यंत आले आहे, हे समजण्यास याहून वेगळे उदाहरण नको. त्याआधी ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील असंख्य कॅमेरे व चित्रणपेट्या ताब्यात घेऊन अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली होती. ती यंत्रे हाती लागण्याचे कारण एवढेच, की कारखान्यातून आलेला संकेतशब्द मालकांनी बदललाच नव्हता. घराला हजार रुपयांचे कुलूप लावायचे आणि किल्ली पायपुसण्याखाली ठेवायची, असाच हा प्रकार.

उपकरण कोणाचे, हाही प्रश्न गौण नाही. शासकीय संस्थांमध्ये चिनी कंपन्यांचे सुमारे दहा लाख कॅमेरे असल्याची आणि चित्रण परदेशातील सर्व्हरवर जाण्याच्या धोक्याची माहिती २०२१ मध्ये केंद्र सरकारनेच संसदेत दिली होती. त्यानंतर केंद्राने नियम कडक केले आणि ९ एप्रिल २०२५ पासून देशात विकल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाविषयक तपासणी बंधनकारक झाली. ग्राहकाने दुकानात भिंगाची क्षमता आणि किंमत यांच्याबरोबरच या तपासणीचे प्रमाणपत्रही विचारले पाहिजे. घरी आणल्यावर पहिले काम संकेतशब्द बदलण्याचे. बसवून देणाऱ्या कारागिराला तो ठाऊक असता कामा नये.

मर्यादेचे भान

कॅमेरा बसविताना शेजाऱ्याचे अंगण, न्हाणीघराची खिडकी, समोरच्या घराची ओसरी त्याच्या टप्प्यात येते काय, हे किती जण तपासतात? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. स्त्रीचे खासगी क्षण चोरून पाहणे वा टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार गुन्हा आहे. पण प्रत्येक गोष्ट कायद्याच्या कलमाने ठरविण्याची वेळ का यावी? भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत एकमेकांची अदब राखणे ही आपली जुनी रीत आहे. कॅमेरा लावण्यापूर्वी शेजाऱ्याला बोलावून, ‘पाहा, तुमचे अंगण यात येत नाही ना?’ असे विचारण्यात कसला कमीपणा?

हीच मर्यादा घराच्या आतही पाळली पाहिजे. परगावी असलेली मुले आईवडिलांच्या काळजीपोटी स्वयंपाकघरात, दिवाणखान्यात, क्वचित शयनगृहातही कॅमेरा बसवू लागली आहेत. काळजी खरी असते, यात शंका नाही. वडील पडले तर कळावे, हा हेतूही योग्य. पण ज्यांनी आपल्याला वाढविले, त्यांनी कधी उठावे, काय खावे, कोणाशी बोलावे हे पडद्यावर पाहून फोनवरून टोकणे, ही सेवा की पहारा? आईवडिलांना विचारल्याशिवाय घरात कॅमेरा लागू नये आणि तो बंद करण्याची कळ त्यांच्या हाती असावी. त्यांच्या सन्मानाचा विचार ज्यात नाही, ती सुरक्षा अपुरीच म्हटली पाहिजे.

पुरावा आणि पाठबळ

चोरी झालीच, तर चित्रण न्यायालयात टिकले पाहिजे. याविषयीचा महत्त्वाचा निवाडा मराठवाड्यातीलच आहे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणाचा मुद्दा होता. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मूळ उपकरण हजर केले नसेल तर अशा चित्रणाच्या प्रतीसोबत विहित प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ही तरतूद आहे. म्हणून चोरीनंतर चित्रण घाईने समाजमाध्यमांवर फिरविण्यापेक्षा मूळ कार्ड जसेच्या तसे राखावे, पोलिसांना द्यावे. यंत्रातील तारीख-वेळ अचूक आहे ना, हे आधीच पाहून ठेवावे.

पण हा सारा पुढचा भाग. चोरी होऊच नये यासाठी जे लागते, ते कोणत्याही दुकानात मिळत नाही. गावगाड्यात जागल्या होता. शहरात काही वर्षांपूर्वीपर्यंत शिट्टी वाजवीत फिरणारा गुरखा होता. त्याहून मोठा पहारा होता तो ओट्यावर बसणाऱ्या आजीचा आणि ‘कोण पाहिजे हो?’ असे अनोळखी माणसाला हटकणाऱ्या शेजाऱ्याचा. फाटके उंच झाली, ओटे गेले आणि हा पहारा उठला. तो पुन्हा बसविणे हे आपल्या हाती आहे.

प्रत्येक गल्लीने एवढे तरी करावे. गावाला जाताना दोन शेजाऱ्यांना सांगून जावे. एक किल्ली आणि मुलांचा दूरध्वनी क्रमांक त्यांच्याकडे द्यावा. कॅमेऱ्याची सूचना मालकाबरोबर एका विश्वासू शेजाऱ्याकडेही जावी. सूचना आली, की कोणी एकट्याने धावू नये. चार घरांचे दिवे लागावेत, हाका माराव्यात आणि ११२ वर पोलिसांना कळवावे. दहा घरांनी मिळून गल्लीच्या दोन्ही तोंडांशी दोन चांगले कॅमेरे लावले, तर ते दहा स्वस्त कॅमेऱ्यांहून अधिक उपयोगी ठरतात. आणि वसाहतीतील तरुणांनी एखाद्या रविवारी एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी जाऊन त्यांचे संकेतशब्द बदलून द्यावेत, संवेदक तपासून द्यावा. त्या निमित्ताने चहाही होईल, ओळखही होईल. रात्री-अपरात्री ज्याला हाक मारायची, त्याचा चेहरा आधी ओळखीचा असावा लागतो.