रोलच्या कॅमेऱ्याची बाजू

फिल्मवर फोटो काढणाऱ्यांवर तीन आक्षेप हमखास घेतले जातात. हे जुन्या काळाचं वेड आहे, यात पैशांची नासाडी होते आणि संयमच शिकायचा तर मोबाइलवरही मोजके फोटो काढता येतात. या तिन्हींना उत्तर द्यायला हवं.

वेड जुन्या काळाचं म्हणावं, तर तो काळ न पाहिलेली विशीतली मुलं रोल का शोधत फिरतात? २०२४ मध्ये पेंटॅक्स कंपनीने फिल्मचा अगदी नवा कॅमेरा बाजारात आणला. ३६ फोटोंच्या रोलवर तो अर्ध्या फ्रेमचे ७२ फोटो काढतो. गिऱ्हाईक केवळ आठवणींत रमणारं असतं, तर एवढा खटाटोप कोणी केला नसता.

खर्चाचा आक्षेप खरा आहे. रोल, धुलाई, प्रिंट, सगळ्यालाच पैसे पडतात. बातमीदाराने किंवा सामन्याच्या छायाचित्रकाराने डिजिटलच वापरावं. पण घरच्या फोटोंचं काय? मोबाइलमधले हजारो फोटो पुन्हा कोण बघतं? प्रत्येक फोटोला मोल असलं की बटण दाबण्याआधी माणूस समोर नीट बघतो. हा खर्च बघायला शिकवणारा आहे, म्हणून मला तो नासाडी वाटत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. मोबाइलवर संयम पाळता येईल, मान्य. पण उजेडाचा निर्णय तिथे तुमच्याकडे उरतच नाही. बटण दाबताच मोबाइल अनेक फ्रेम एकत्र करतो, सावल्या उजळतो, चेहरे नितळ करतो. याउलट १९७६ ते १९९७ या काळात बनलेला पेंटॅक्स के-१००० घ्या. त्याचं शटर पूर्ण यांत्रिक, बॅटरी लागते ती फक्त लाइट मीटरला. ती संपली तरी अडत नाही. १०० आयएसओचा रोल आणि लख्ख ऊन असेल तर अ‍ॅपर्चर १६ वर, शटर १/१२५ वर. माणूस ओसरीत येऊन बसला की अ‍ॅपर्चर उघडायचं. किती, ते सावली बघून तुम्ही ठरवायचं. भारतात बनलेल्या आग्फा क्लिक थ्रीमध्ये तर ऊन की ढग एवढंच ठरवावं लागे आणि १२० च्या रोलवर १२ फोटो मिळत. तेवढ्यावर कितीतरी घरांचे अल्बम भरले.

साध्या कॅमेऱ्याची ओढ आहे ती इथे. उजेड ओळखणं, क्षण निवडणं आणि चुकलं तर ती चूक आपली मानणं, ही कामं तो माणसाच्या हाती परत देतो. वर निगेटिव्ह उरते. ती बघायला ना पासवर्ड लागतो ना चार्जर, खिडकीच्या उजेडात धरली की पुरे.

तुमच्या घरी जुना कॅमेरा पडून असेल तर आधी शटर चालतंय का बघा, मग एक रोल टाका. घरातल्या माणसांचे फोटो काढा, प्रिंट करा, मागे नाव आणि तारीख लिहा. निगेटिव्ह मात्र फेकू नका.